मणक्याची दुखापत आणि हृदयाची निगा



परळच्या के. ई. एम. रुग्णालयात किंवा १९५५ साली स्थापन झालेल्या हाजी अलीच्या पुनर्वसन संस्थेत मणक्याला दुखापत झालेला रुग्ण येतो, तेव्हा घरच्यांचा पहिला प्रश्न असतो, "हा पुन्हा चालेल का?" प्रश्न स्वाभाविक आहे. परंतु त्याच्या हृदयाचे काय, हे सहसा कोणी विचारीत नाही; आणि पुढे कित्येकांच्या जिवाला धोका पोहोचतो तो तेथूनच.

मज्जारज्जूला इजा झाली म्हणजे पाय लुळे पडतात, एवढेच आपणांस दिसते. आत काय घडते? काम थांबलेल्या स्नायूंना रक्त कमी लागते, म्हणून मांडीची मुख्य रोहिणी काही आठवड्यांतच अरुंद होते. स्नायू झडतात, पोटावर चरबी साठते, हितकारक कोलेस्टेरॉल घटते, मधुमेहाचा संभव वाढतो. झडलेल्या स्नायूंची जागा चरबी घेते, त्यामुळे वजनाच्या काट्यावर विसंबणारा फसतो. इजा मानेत किंवा छातीच्या वरच्या भागात असेल, तर हृदयविकाराची कळदेखील जाणवेलच असे नाही.

अशाच रुग्णांचा रक्तदाब एरवी कमी असतो. पण लघवीची नळी तुंबली, शौचास साफ झाले नाही किंवा शय्याव्रण चिघळला, की तो एकाएकी भडकतो. डोके ठणकते, चेहरा लाल होतो, घाम सुटतो. अशा वेळी रुग्णास आडवे न ठेवता ताठ बसवावे, कपडे सैल करावेत, नळी तपासावी व तत्काळ डॉक्टरांना बोलवावे. 'एकशे चाळीस म्हणजे काही फार नव्हे,' असे कोणी म्हणू नये. ज्याचा नेहमीचा दाब शंभर, त्याला तो फारच झाला.

उपाय हातांत आहे, आणि तो शब्दशः. डॉक्टरांच्या सल्ल्याने आठवड्यातून ३ वेळा, ३० मिनिटे, दम लागेल इतका दंडांचा व्यायाम. १९६५ च्या युद्धात गोळ्या लागून कमरेखाली अपंग झालेले मुरलीकांत पेटकर १९७२ साली हायडेलबर्गच्या पॅरालिंपिक स्पर्धेत ५० मीटर पोहण्यात सुवर्णपदक मिळवून आले. सर्वांना पदके नकोत. घराबाहेर पडता यावे, एवढे पुरे. गिरगाव-लालबागच्या चाळीत तिसऱ्या मजल्यावर राहणाऱ्याला तेच दुर्घट. लाकडी जिना उतरवायला चार माणसे लागतात, म्हणून गणपतीची मिरवणूकही तो गॅलरीतूनच पाहतो. त्याच्या रोहिण्यांचा खरा शत्रू तो जिना होय!

गावाकडे झाडावरून वा विहिरीत पडून अपंग झालेल्यांपुढे जिना नसतो, परंतु शाळेच्या नि पंचायतीच्या पायऱ्या असतात. तेथे उतार बांधता येतो. दिव्यांगांसाठी राखलेल्या निधीतून हाताने चालवावयाची तीनचाकी देता येते. आणि आरोग्यसेविका अशा घरी जाईल, तेव्हा तिने शय्याव्रणाबरोबर रक्तदाबही पाहावा, तो दाराजवळच्या कार्डावर लिहून ठेवावा, आणि साखर व कोलेस्टेरॉल यांची तपासणी वर्षातून एकदा तरी करवून घ्यावी.