उष्णतेचा हिशेब आणि गुलाबी बोंडअळी
(सुरत येथे खानदेशातील कापूस उत्पादकांसमोर केलेले भाषण)



डॉ. सी. टी. पटेल यांच्या परिश्रमातून १९७० साली ‘संकर-४’ हा व्यापारी लागवडीचा जगातील पहिला संकरित कापूस ज्या सुरतेत सिद्ध झाला, तेथे आपणांशी बोलण्याचा योग आला, याचा मला आनंद वाटतो. खानदेशाची आणि सुरतेची नदी एक, पीक एक आणि शत्रूही एकच. तो म्हणजे गुलाबी बोंडअळी. २०१७ च्या हंगामात तिने महाराष्ट्रात केलेली हानी आपण विसरलेलो नाही.

पिकाचे वय आपण दिवसांत मोजतो. परंतु रोपाची आणि किडीची वाढ मुख्यतः उष्णतेवर अवलंबून असते. फ्रेंच शास्त्रज्ञ रेओम्यूर यांनी हा विचार १७३५ सालीच मांडला होता. हिशेब सोपा आहे. दिवसाचे कमाल व किमान तापमान मिळवून निम्मे करावे आणि ज्याखाली वाढ थांबते ते पायाभूत तापमान त्यातून वजा करावे. उरतील ती त्या दिवसाची उष्णता एकके. कापसासाठी पायाभूत तापमान १५.५ अंश सेल्सिअस धरण्याचा प्रघात आहे. समजा, मे महिन्यात कमाल ३६ व किमान २७ अंश आहे. तर त्या दिवशी १६ एकके मिळतात. जानेवारीत कमाल ३१ व किमान १५ असल्यास साडेसातच मिळतात. म्हणजे मे महिन्यातील एक दिवस जानेवारीतील दोन दिवसांहून भारी ठरतो. किडीचे पायाभूत तापमान निराळे असते, रीत मात्र हीच.

आता याचा उपयोग पाहू. हंगाम संपल्यावर अळी पऱ्हाट्यांत, सरकीत व जमिनीत सुप्तावस्थेत राहते. पुढे अनुकूल ऊब व ओलावा मिळताच पतंग बाहेर पडतात. त्या वेळी शेतात पाते-फुले नसतील, तर त्यांची पुढची पिढी उपाशी मरते. विहिरीला पाणी असले की मे महिन्यात लागवड करण्याचा मोह होतो. वेचणी लवकर होते आणि रब्बीसाठी रान मोकळे मिळते, हेही खरे. परंतु तीव्र उष्णतेत पाते लवकर लागते आणि या पतंगांना आयते घर मिळते. एकाची लागवड मग साऱ्या शिवाराला भोवते.

अंड्यातून निघालेली अळी थोड्याच वेळात बोंडात शिरते व छिद्र बुजते. त्यानंतरची फवारणी वाया जाते. म्हणून कामगंध सापळ्यांत पतंग दिसू लागताच उष्णता एकके मोजत गेल्यास पुढील पिढीचा अंदाज बांधता येतो. सलग तीन रात्री प्रत्येक सापळ्यात सरासरी आठ पतंग आढळल्यास उपाययोजना करावी. डोमकळ्या दिसताच वेचून नष्ट कराव्यात.

परदेशातील आकडे आपल्या रानाला जसेच्या तसे लागू पडत नाहीत. याकरिता प्रत्येक गावात एक कमाल-किमान तापमापक व एक नोंदवही असावी. लागवड, पहिले पाते, पहिले फूल आणि पहिला पतंग यांच्या तारखा तीत लिहाव्यात. परसबागेतील भेंडी व वाल-पापडी यांच्याही नोंदी ठेवाव्यात. चार-पाच हंगामांत गावाचे स्वतःचे कोष्टक तयार होईल.

तोवर तीन गोष्टी पाळाव्यात: हंगामपूर्व लागवड टाळावी, फरदड घेऊ नये आणि पऱ्हाट्या वेळेवर काढून नष्ट कराव्यात. एवढे साऱ्या गावाने मिळून केले, तरच त्याचे फळ मिळेल.