जुन्या स्पीकरची पारख

जुना तंबोरा विकत घेणाऱ्याला कोणी हसत नाही. मिरजेच्या एखाद्या कारागिराने साठ-सत्तर वर्षांपूर्वी घडविलेला तंबोरा घरात आला, तर येणारा पाहुणा तो कौतुकाने न्याहाळतो, भोपळा चांगला मुरला आहे म्हणतो आणि घेणाऱ्याच्या रसिकतेची तारीफ करतो. पण कोणी वीस-पंचवीस वर्षे वापरलेला स्पीकर आणला, की तोच पाहुणा हळूच विचारतो, "का हो, नवा परवडला नाही वाटते?"

हा प्रश्न ऐकायला बरा वाटत नाही, परंतु तो अगदीच निराधार आहे असेही नाही. तंबोऱ्याला स्वतःचा आवाज असतो आणि वयाबरोबर तो खुलू शकतो. स्पीकरला, निदान ज्या स्पीकरविषयी मी आज बोलणार आहे त्याला, स्वतःचा आवाज असताच कामा नये. दुसऱ्याचा आवाज होता तसा आपल्यापर्यंत पोचविणे, एवढेच त्याचे काम. तेव्हा जुना तंबोरा केवळ कानाने पारखता येईल. जुना स्पीकर मात्र आधी मोजावा लागतो आणि मग ऐकावा लागतो. हे मोजणे आणि ऐकणे कसे असते, ते थोडक्यात सांगण्याचा विचार आहे.

ध्वनिमुद्रणाच्या दालनात तंत्रज्ञासमोर जो स्पीकर असतो त्याला मॉनिटर म्हणतात. दिवाणखान्यातल्या स्पीकरने गाणे गोड करून ऐकविले तर आपली तक्रार नसते. मॉनिटरने मात्र गाण्यात जे असेल ते, दोषांसकट, सांगितले पाहिजे. सराफाला आपल्या तराजूकडून जी अपेक्षा असते तीच येथे असते. यांतील काही मॉनिटरांच्या पेटीतच ॲम्प्लिफायर बसविलेले असतात. साध्या स्पीकरमध्ये बाहेरच्या एकाच ॲम्प्लिफायरची सारी शक्ती आत येते आणि तेथे खर्जाचा भाग मोठ्या वूफरकडे व तारस्वरांचा भाग लहान ट्वीटरकडे वाटला जातो. या दुसऱ्या प्रकारात ही वाटणी आधीच, संकेत सूक्ष्म असतानाच, होऊन जाते आणि वूफरला व ट्वीटरला आपापला स्वतंत्र ॲम्प्लिफायर मिळतो. त्यामुळे सगळे अवयव एकमेकांना जुळवूनच कारखान्यातून बाहेर पाठविता येतात.

या प्रकाराच्या इतिहासात नभोवाणीचाही वाटा आहे, याचा आपल्याला आनंद वाटावा. १९७६ साली फिनलंडच्या राष्ट्रीय नभोवाणीला हेलसिंकीतील आपल्या नव्या वास्तूसाठी असे मॉनिटर हवे होते. इल्पो मार्टिकाइनेन आणि टोपी पार्टानेन या दोन मित्रांकडे विचारणा झाली. त्यांनी ते काम अंगावर घेतले आणि १९७८ मध्ये त्यातून जेनेलेक ही संस्था उभी राहिली. पुढे असे मॉनिटर अनेक देशांत तयार होऊ लागले. मोठी ध्वनिमुद्रणालये नवी यंत्रे घेतात तेव्हा जुनी बाजारात येतात आणि माझ्यासारख्या माणसाच्या आवाक्यात येतात.

मी राहतो ते देवनहळ्ळी हे गाव बंगळूरच्या उत्तरेस आहे. टिपू सुलतानाचे जन्मस्थान, जुना किल्ला आणि चकोता नावाचे मोठे लिंबूवर्गीय फळ यांसाठी हे गाव पूर्वीपासून प्रसिद्ध. २००८ साली जवळच नवा विमानतळ सुरू झाला आणि गावाचे शांतपण पुष्कळसे गेले. अशा ठिकाणी मी मॉनिटरची एक जुनी जोडी आणली, त्याला कारण होते. माझ्या मावशीने म्हटलेल्या जात्यावरच्या ओव्यांच्या काही कॅसेटी आमच्या घरी आहेत. मावशी आज हयात नाही. त्या फिती आता इतक्या जीर्ण झाल्या आहेत की त्या फार वेळा वाजविणे धोक्याचे. त्यांवरून संगणकात जी प्रत उतरेल तीच पुढच्या पिढीला मिळणार. ती प्रत स्वच्छ करताना मी ज्या स्पीकरवर ऐकणार तोच खोटे सांगत असेल, तर त्याचा खोटेपणा मावशीच्या आवाजात कायमचा जाऊन बसेल. तारस्वर दाबणारा स्पीकर ऐकून मी तारस्वर वाढवीन. खर्ज फुगविणारा ऐकून खर्ज कापीन. दोन्ही वेळा शिक्षा होईल ती निरपराध आवाजाला.

म्हणून प्रथम पाहणी. पाठीमागे विजेच्या दाबाचा खटका असेल तर तो आपल्याकडच्या २३० व्होल्टवरच आहे ना, हे जोडण्यापूर्वी पाहावे. जपानातून आलेले यंत्र १०० व्होल्टचे असू शकते. मग वूफरची कड पाहावी. ती रबराची असेल तर बहुधा टिकते; फोमची असेल तर दमट हवेत तिचा भुगा होतो. आतले इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटर उष्णतेने सुकतात, आणि तपमान दहा अंशांनी वाढले की त्यांचे आयुष्य सुमारे निम्मे होते असा ढोबळ नियम आहे. ज्यांच्या पेटीतच ॲम्प्लिफायर तापतो त्या यंत्रांत हा प्रश्न विशेष. काहीही न वाजविता, रात्रीच्या शांततेत, कान जवळ नेऊन ऐकावे. थोडी सळसळ जुन्या यंत्रात असायचीच. परंतु ठळक घुमणारा गुणगुणाट ऐकू आला तर आतल्या वीजपुरवठ्याची तपासणी हवी. ही पेटी मात्र जाणकाराकडूनच उघडवावी, कारण प्लग काढल्यावरही कपॅसिटरमध्ये धोकादायक विद्युत्भार शिल्लक राहू शकतो.

त्यानंतर मोजणी. त्यासाठी लागतात एक प्रमाणित मायक्रोफोन, एक संगणक आणि रूम ईक्यू विझार्डसारखे विनामूल्य मिळणारे साधन. संगणक खर्जापासून अतितारापर्यंत चढत जाणारा एक सूर स्पीकरमधून सोडतो आणि मायक्रोफोनने ऐकलेल्या आवाजाशी त्याचा ताळा घेतो. इटलीतील अँजेलो फरीना यांनी २००० साली प्रसिद्ध केलेल्या पद्धतीमुळे या एकाच सुरातून स्पीकरचा मूळ स्वभाव आणि त्याने पदरचे घातलेले विकृत स्वर वेगवेगळे काढता येतात.

अडचण असते ती खोलीची. मायक्रोफोनला स्पीकरबरोबरच भिंती आणि जमीनही ऐकू येते. म्हणून मी मोजणी अंगणात केली. स्पीकर आणि मायक्रोफोन जमिनीपासून १.२ मीटर उंच, आणि दोहोंत एक मीटर अंतर. सरळ येणारा आवाज एक मीटर चालतो, जमिनीवर आपटून येणारा २.६ मीटर. ध्वनीचा वेग सेकंदाला सुमारे ३४५ मीटर धरला, तर दुसरा आवाज पहिल्यानंतर सुमारे ४.६ मिलिसेकंदांनी पोचतो. त्या क्षणानंतरचे काहीही जमेस धरू नये, असे संगणकाला सांगितले की जमीन वगळली जाते आणि केवळ स्पीकर उरतो. अर्थात एवढ्या वेळात ज्याचे एक आवर्तनही पुरे होत नाही असा, म्हणजे सुमारे २१५ हर्ट्झच्या खालचा, सूर या रीतीने कळत नाही. त्यासाठी डी. बी. कील यांनी १९७४ मध्ये मांडलेली युक्ती वापरतात: मायक्रोफोन वूफरच्या अगदी जवळ नेतात, म्हणजे त्या मानाने आसपासचा आवाज नगण्य ठरतो. विमान डोक्यावरून गेले की थांबायचे आणि सूर पुन्हा सोडायचा, एवढेच देवनहळ्ळीचे वैशिष्ट्य.

जोडीची मोजणी करण्यात एक मोठा लाभ असतो. कारखान्याचा जुना तक्ता हाती नसला तरी एक स्पीकर दुसऱ्याचा साक्षीदार होतो. माझ्या जोडीच्या दोन रेषा खालपासून मध्यापर्यंत जवळजवळ एकमेकींवर पडत होत्या. पण ६,००० हर्ट्झच्या पुढे डावा स्पीकर तीन डेसिबेलने खाली होता. तीन डेसिबेल म्हणजे शक्ती निम्मी. नेमका हाच प्रदेश आपल्या 'स' आणि 'श' या वर्णांच्या धारेचा. दुरुस्ती करणाऱ्या कुशल कारागिराने पेटी उघडली तेव्हा ट्वीटरच्या वाटेवरचा एक कपॅसिटर सुकलेला आढळला. बंगळूरच्या सदर पत्रप्पा रस्त्यावर अशा सुट्या भागांची दुकाने ओळीने आहेत. तेथून आणलेले कपॅसिटर दोन्ही पेट्यांत बसविल्यावर फरक एका डेसिबेलच्या आत आला. ट्वीटरच निकामी असता आणि त्या जातीचा दुसरा मिळण्यासारखा नसता, तर ती जोडी परत करणेच शहाणपणाचे ठरले असते.

एवढे झाल्यावर मग कानाची पाळी. येथे बंगळूरशी जोडलेल्या एका थोर शास्त्रज्ञाची आठवण होते. सर चंद्रशेखर वेंकट रामन् १९३३ मध्ये बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेत आले. त्यापूर्वी कलकत्त्यात असताना त्यांनी आपल्या वाद्यांचा अभ्यास केला होता. शाई लावलेल्या आपल्या तालवाद्यांतून निघणारे उपस्वर तारेच्या स्वरांप्रमाणे मूळ स्वराशी सुसंवादी असतात, हे त्यांनी शिवकाली कुमार यांच्यासह १९२० साली दाखविले. तंबोऱ्याच्या रुंद घोडीमुळे तारेतून असाधारण समृद्ध उपस्वर कसे उमटतात, याचाही त्यांनी विचार केला. म्हणून मला वाटते की मॉनिटर पारखायला तंबोरा आणि तबला यांहून चांगली सामग्री शोधूनही सापडणार नाही. जवारी लागलेल्या तंबोऱ्याचे उपस्वर एका अखंड पट्टीसारखे वर चढत गेले पाहिजेत. मध्येच खड्डा पडला तर वूफर आणि ट्वीटर यांचा सांधा बिघडला आहे असे समजावे. तबल्याचा 'ना' टोकदार, पण काचेसारखा न टोचणारा हवा. शेवटी ओळखीच्या माणसाचे बोलणे ऐकावे, कारण मनुष्यवाणीच्या बाबतीत आपला कान सहसा फसत नाही.

मोजणी आणि आस्वाद यांचे वैर आहे अशी समजूत पुष्कळ रसिकांत आढळते. कॅनडातील फ्लॉइड टूल यांनी अनेक वर्षे केलेल्या प्रयोगांत याच्या उलट दिसले: कोणता स्पीकर वाजत आहे हे पडद्यामुळे दिसत नसले, की बहुतेक श्रोते मोजणीत सरळ आणि समतोल ठरलेल्या स्पीकरलाच पसंती देतात. नाव, किंमत आणि वय दृष्टीआड झाले म्हणजे कान मोजपट्टीच्या बाजूने कौल देतो. नव्याचा मोह आणि जुन्याची भक्ती, दोहोंवर हा एकच उतारा आहे.

जोडी नीट झाल्यावर मी ओव्यांची पहिली कॅसेट लावली. मावशीच्या आवाजाखाली एक संथ, जाडसर घरघर सतत चालू होती. साध्या स्पीकरवर ती अस्पष्ट होती आणि फितीचा दोष म्हणून कापून टाकण्याजोगी वाटे. आता ती नीट ऐकली तेव्हा प्रत्येक ओवीच्या शेवटी ती किंचित मंदावत होती आणि पुढच्या ओवीला पुन्हा वेग घेत होती. ती जात्याची घरघर होती. ती मी तशीच राहू दिली आहे.