आंबट द्राक्षाचे मोल



ज्या माणसाने पंचवीस-तीस वर्षे पगाराच्या दिवशी कारखान्याच्या दारात उभे राहून, ‘बाबांनो, गुत्त्याकडे वळू नका’ म्हणून विनवले, त्याने आज वसंत व्याख्यानमालेत द्राक्षाच्या मद्यावर बोलावे, याचे आपणांस नवल वाटेल. आम्हालाही वाटते. आमची शाळा सातवीत सुटली. पुढचे शिक्षण युनियनच्या कचेरीतल्या पुस्तकांच्या कपाटाने केले. तेव्हा हे पंडिताचे व्याख्यान नव्हे. डोळ्यांनी पाहिले आणि मागाहून वाचून ताडून घेतले, तेवढेच सांगतो.

कामगारांच्या एका परिषदेनिमित्त आम्ही दक्षिण फ्रान्समध्ये लांगदोक प्रांतात गेलो होतो. तेथे भूमध्य समुद्राला लागून ‘एताँ द तो’ नावाचे सुमारे ७५०० हेक्टरांचे खारे सरोवर आहे. पाण्यात कालवांची शेती आणि एका अंगाला द्राक्षांचे मळे. त्या समुद्राला भरती-ओहोटी जवळजवळ नाहीच. म्हणून पाण्यात मांडव रोवून त्यांना दोर टांगतात आणि दोरांवर कालवे वाढवतात. कित्येक कालवे एकेक करून, हाताने, सिमेंट लावून दोराला चिकटवावी लागतात. ते काम करणारे हात आम्ही पाहिले. गिरणीतल्या हातांहून ते निराळे नव्हते.

मळ्यांत ‘पिकपूल’ जातीचे पांढरे द्राक्ष असते. त्या नावाचा अर्थ लोक ‘ओठाला डसणारे’ असा सांगतात. कडक उन्हाच्या मुलखात द्राक्ष गोड होते, पण आंबटपणा गमावून बसते. हे द्राक्ष उशिरा पिकते आणि आपला आंबटपणा राखते. गोष्टीतला कोल्हा आंबट म्हणून नाक मुरडून गेला. पिने गावच्या लोकांनी त्याच आंबटपणावर संसार उभे केले. त्यांची ती वाइन ‘पिकपूल द पिने’.

कालवांच्या एका शेडमध्ये यजमानाने सुरीने कालव उघडले आणि लहान पेल्यात गार वाइन ओतली. आम्ही नको म्हणालो. तो म्हणाला, ‘ही नशेसाठी नाही, जेवणासाठी आहे.’ आम्ही दोन घोट घेतले. हे आपल्यापासून लपवत नाही. कालवाचा खारटपणा आणि बुळबुळीत स्निग्धपणा त्या आंबट घोटाने स्वच्छ कापला जातो आणि जीभ पुढच्या घासाला तयार होते. कोकणातल्या माणसाला हे समजावायला नको. माशाच्या कालवणात तो आमसूल ज्या कारणाने टाकतो, त्याच कारणाने तेथे हा पेला ताटाशेजारी येतो. काळ्या शिंपल्या, तळलेली बारीक मासळी, शेळीच्या दुधाचे ताजे चीज यांच्याशीही तिचे जुळते. जवळच्या सेत बंदरात ऑक्टोपस आणि टोमॅटो भरलेली ‘तिएल’ नावाची तिखट कचोरीसारखी वस्तू मिळते. इटलीतल्या गाएता गावाहून आलेल्या कोळ्यांनी ती आणली. तिच्याशीही ही वाइन बरी लागते. गोडाशी मात्र ती फिकी पडते. आणि ती कोवळीच प्यायची. श्रीमंताच्या तळघरात वर्षानुवर्षे मुरवण्याची ती वस्तू नव्हे.

पण हे मोल आपोआप आले नाही. विसाव्या शतकाच्या आरंभी लांगदोकमध्ये वाइनचा भाव कोसळला. पीक उदंड, त्यात साखर-पाणी मिसळून केलेला नकली माल. मळेवाले आणि मळ्यांतले मजूर दोघेही उपाशी. १९०७ साली ते एकत्र उठले. पुढारी कोण? मार्सलँ आल्बेर, एका खेड्यातला कॅफेवाला! ९ जूनला माँपेलिए शहरात लाखो माणसे जमली. नार्बोनमध्ये सैन्याने गोळ्या झाडल्या, माणसे मेली. तेव्हा या सरोवराशेजारच्या आग्द गावी असलेल्या १७व्या पलटणीच्या शिपायांनी बंड केले आणि ते बेझिए शहरावर चालून गेले. ती त्याच मुलखातली पोरे होती. आपल्या आईबापांवर बंदूक कशी रोखणार? २९ जूनला भेसळीविरुद्ध कायदा झाला.

कायद्याने सारे झाले नाही. येथले पिकपूल वर्मूथ करणाऱ्यांकडेही जाई. तेथे त्यात वनस्पती मुरत आणि गावाचे नाव विरून जाई. पिनेच्या मळेवाल्यांनी १९२२ साली सहकारी संस्था काढली. २०१३ साली त्यांच्या वाइनला उगमाच्या नावाचा स्वतंत्र दर्जा मिळाला. आता केवळ पिकपूल द्राक्षाची आणि ठरलेल्या गावांतलीच वाइन त्या नावाने विकता येते.

आमचे सांगणे एवढेच. नकली माल पिणाऱ्याचा घात करतो, तसाच अस्सल माल करणाऱ्याचाही करतो. आणि कष्टकऱ्याचे नाव मालावर राहिले, तरच त्याचा भाव त्याच्या पदरात पडण्याची आशा असते.

परत आल्यावर पगाराच्या दिवशी आम्ही पुन्हा दारात उभे राहिलो. एकाने विचारलेच, ‘भाऊ, तिकडे घेतलीत म्हणे?’ आम्ही खरे ते सांगितले: दोन घोट, जेवणाबरोबर. ‘मग आम्हाला का अडवता?’ आम्ही म्हणालो, ‘तिथे पेल्याआधी ताट येते. तुझ्या घरचे ताट आधी वाढले जाऊ दे. मग आपण वाद घालू.’ तो हसला आणि त्या दिवशी तरी घराकडे वळला.