पुढच्या चाकातली खडखड



कोल्हापूरच्या उद्यमनगरात गेली ३१ वर्षं माझं गॅरेज आहे. गाडी आत घेताना पुष्कळ लोकांचं पहिलं वाक्य ठरलेलं असतं : "पुढून आवाज येतोय, शॉकअप बघा." या वाक्याचा पहिला अर्धा भाग माझ्या फार उपयोगाचा असतो, कारण तो त्यांनी स्वतःच्या कानांनी ऐकलेला असतो. दुसरा अर्धा भाग म्हणजे निकाल. आणि निकाल आधी लागला की तपास तिथंच संपतो. आजचं माझं सगळं बोलणं या एका मुद्द्याभोवती आहे : आवाज पुन्हा काढून दाखवता येईपर्यंत पान्याला हात लावायचा नाही.

हे मी शिकलो ते एका चुकीतून. रत्नागिरीकडचे एक निवृत्त मुख्याध्यापक आंबा घाट चढून मुलीकडे कोल्हापुरात यायचे. त्यांच्या छोट्या गाडीच्या डाव्या बाजूला टक्‌टक्‌ आवाज होता. मी डाव्या बाजूला जॅक लावला, चाक हलवलं, सगळं घट्ट लागलं. शॉकअपवर थोडं तेल दिसलं. पुढचे दोन्ही शॉकअप बदलले, पैसे घेतले, गाडी दिली. पंधरा दिवसांनी सर परत आले. आवाज चढवला नाही, तक्रारही केली नाही. एवढंच म्हणाले, "आवाज आहे तिथंच आहे हो." त्या दिवशी मी पहिल्यांदा त्यांच्या शेजारी बसलो आणि गाडी त्यांनाच चालवायला सांगितली.

मोठ्या गतिरोधकावरून गाडी गेली, आवाज नाही. गटाराचं काम झालेल्या उखडलेल्या कडेवर डावं चाक चढलं आणि लगेच टक्‌टक्‌ सुरू. परत गतिरोधक, परत शांत. त्या दोन जागांच्या फरकातच उत्तर होतं. ते समजायला चाकामागे काय असतं ते आधी बघावं लागेल.

आपल्याकडच्या बहुतेक छोट्या गाड्यांना पुढे जी रचना असते तिला मॅक्फर्सन स्ट्रट म्हणतात. अर्ल मॅक्फर्सन हा अमेरिकन इंजिनियर. दुसऱ्या महायुद्धानंतर जनरल मोटर्समध्ये तो शेव्हरोले कॅडेट नावाच्या हलक्या, स्वस्त गाडीवर काम करत होता. १९४७ मध्ये कंपनीनं तो बेत सोडून दिला आणि मॅक्फर्सन फोर्डकडे गेला. १९५० साली लंडनच्या मोटार प्रदर्शनात फोर्डच्या कॉन्सल आणि झेफायर या गाड्या आल्या, त्यांच्या पुढच्या चाकांना त्याची रचना होती. आपल्या रस्त्यांवर ती घरोघरी पोचली १९८३ मध्ये आलेल्या मारुती ८०० मुळे. त्याआधीच्या अँबेसिडरला पुढे टॉर्शन बार होते, पद्मिनीला विशबोन आणि स्प्रिंग. मॅक्फर्सननं केलं ते हे : शॉकअप आणि स्प्रिंग एकात एक घालून एकच खांब केला. तो खांब वर बॉनेटखाली रबरी माउंटिंगमध्ये बसतो. खाली चाकाला धरून ठेवायला एकच लोअर आर्म. आर्म गाडीला रबरी बुशांवर टेकतो आणि चाकाच्या बाजूला बॉल जॉइंटनं जोडलेला असतो. सुटे भाग कमी, जागा कमी, खर्च कमी. इतक्या थोड्या भागांत इतकं काम मी दुसऱ्या कुठल्या जोडणीत पाहिलेलं नाही. भाग कमी म्हणून प्रत्येक सांध्यावर भार जास्त, हेही खरं.

आता बॅलन्स रॉड. डाव्या आणि उजव्या चाकाला जोडणारी ही पोलादी सळई. वळणावर गाडी कलंडू नये म्हणून ती असते. तिची टोकं दोन्ही बाजूंना लहानशा लिंकनं जोडलेली असतात. आमच्याकडे या लिंकला कुणी लिंक रॉड म्हणतं, कुणी जंपिंग रॉड. दोन्ही चाकं एकदम वर गेली तर सळई आपल्या बुशांत नुसती फिरते, तिला पीळ पडत नाही, लिंकवर जोर येत नाही. एकच चाक वर गेलं तर सळईला पीळ बसतो आणि लिंकला एकदा दाब, एकदा ताण मिळतो. लिंकचा सांधा झिजला असेल तर त्या हेलकाव्यात तो टक्‌ करतो. म्हणून सरांच्या गाडीचा आवाज गतिरोधकावर गप्प होता आणि कडेवर बोलत होता.

मग आधी मला तो सैलपणा हाताला का लागला नाही? कारण मी एकाच बाजूला जॅक लावला होता. एक चाक लोंबकळलं की सळईला पीळ बसतो, लिंक ताणली जाते आणि झिजलेल्या सांध्यातली फट मिटते. सैल भाग घट्ट लागतो. लिंक तपासायची तर दोन्ही चाकं जमिनीवर हवीत, नाहीतर दोन्ही सारखी उचललेली हवीत. खात्री हवी असेल तर दोन्ही लिंक काढायच्या, सळईची टोकं कुठं आपटणार नाहीत हे बघायचं आणि त्याच रस्त्यावर अगदी सावकाश एक फेरी मारायची. आवाज गेला तर गुन्हेगार सापडला. वळणावर गाडी जास्त झुकते, म्हणून ही फेरी गॅरेजच्या गल्लीतच मारायची, हायवेवर कधीच नाही. सरांना मी शॉकअपचे पैसे परत दिले आणि दोन लिंक बसवल्या. शॉकअपच्या पुढे लिंकची किंमत किरकोळ असते.

म्हणून आवाजाची जागा शोधण्याआधी त्याची वेळ शोधावी. जागा फसवते. पुढचा सांगाडा सगळा लोखंडी आहे, उजवीकडचा ठोका चालवणाऱ्याला डावीकडे ऐकू येतो. वेळ सहसा फसवत नाही. पण त्यासाठी रस्ताही ओळखीचा हवा. इंडियन रोड्स काँग्रेसच्या १९८८ च्या शिफारशीप्रमाणे गतिरोधक ३.७ मीटर रुंद आणि १० सेंटिमीटर उंच असावा, ताशी २५ किलोमीटरनं गाडी त्यावरून आरामात जावी. आपल्या गल्ल्यांतले उंचवटे यापेक्षा अरुंद आणि ताठ असतात, त्यांवरून चांगली गाडीसुद्धा आदळते. तिथला एखादा धक्का ऐकून गाडीला दोष देऊ नये. माझ्या गॅरेजमागे एक रस्ता आहे : एक बाजू उखडलेली, मध्ये एक गतिरोधक, शेवटी अरुंद वळण. या तीन गोष्टींवरून प्रत्येक गाडी मी एकाच वेगानं नेतो, काचा खाली करून, रेडिओ आणि एसी बंद ठेवून, एकदा भिंतीच्या बाजूनं. भिंतीवरून आवाज कानावर परत येतो.

वेळेवरून ओळखता येणारे आणखी काही आवाज सांगतो. जागेवर उभ्या गाडीचं स्टिअरिंग फिरवताना 'टण्‌' असा आवाज आला, किंवा स्टिअरिंग अडकून सुटल्यासारखं वाटलं, तर बॉनेट उघडा. एकानं स्टिअरिंग फिरवावं, दुसऱ्यानं माउंटिंगवर अलगद हात ठेवावा. वरचं बेअरिंग जाम झालं असेल तर स्प्रिंग पिळली जाते आणि एकदम सुटते, तो हिसका तळव्याला कळतो. बोटं स्प्रिंगच्या वेढ्यांत मात्र घालू नयेत. ब्रेक दाबताना एकदा आणि गाडी सुटताना एकदा असा ठोका येत असेल तर लोअर आर्मचा मागचा बुश फाटलेला असण्याची शक्यता फार. चाक त्या फटीत पुढेमागे सरकतं. खराब रस्त्यावरची बारीक खडखड ब्रेकवर पाय अगदी हलका ठेवल्याबरोबर थांबली, तर सस्पेन्शन सोडा आणि कॅलिपरच्या पिना, पॅड आणि त्यांच्या क्लिपा बघा. आणि स्टिअरिंग पूर्ण वळवून गाडी पुढे घेताना जी कटकट ऐकू येते ती अ‍ॅक्सलच्या बाहेरच्या सीव्ही जॉइंटची. तिचा आजच्या विषयाशी तसा संबंध नाही, पण तिच्यापायी नाहक बदललेले शॉकअप मी पुष्कळ पाहिले आहेत.

आता ज्या भागासाठी मी खरं तर हे व्याख्यान स्वीकारलं त्याकडे येतो. बॉल जॉइंट. खोबणीत बसलेला पोलादी गोळा, वर रबराचं बूट, आत ग्रीस. जुन्या अँबेसिडरला पुढे ग्रीसची निपल असायची, गन लावली की नवं ग्रीस जायचं आणि जुनी घाण बाहेर यायची. आजच्या बहुतेक गाड्यांचे जॉइंट बंद असतात. त्यांत ग्रीस कारखान्यात एकदाच भरतात, म्हणून ते रबरी बूट हाच त्या सांध्याचा जीव. कोकणातून, घाटातून पावसाळाभर फिरलेल्या गाड्यांचे बूट मी बघतो. एकदा चीर पडली की लाल चिखलाचं पाणी आत जातं, ग्रीस धुऊन निघतं, गोळा गंजतो आणि खोबण मोठी होते. लिंक तुटली तर गाडी वळणावर जास्त झुकेल. बुश फाटला तर टायर वाकडा झिजेल. बॉल जॉइंटचा गोळा खोबणीतून निसटला तर चाक तिथंच मुडपून बाहेर पडतं आणि स्टिअरिंगचा ताबा जातो. घाटात याचा अर्थ काय, हे इथं बसलेल्या प्रत्येकाला कळतं. आणि आधी इशारा मिळतो तो बहुतेक वेळा त्याच टक्‌टक्‌ आवाजाचा, जो आपण रेडिओ मोठा करून झाकतो.

याची तपासणी अवघड नाही. पुढची दोन्ही चाकं उचलून गाडी स्टँडवर ठेवा. नुसत्या जॅकवरच्या गाडीखाली हातही घालू नये, हे मी माझ्या पोरांना पहिल्या दिवशी सांगतो. चाक वर आणि खाली धरून, म्हणजे घड्याळातल्या बारा आणि सहाच्या जागी, आतबाहेर हलवा. हललं तर एकाला ब्रेक दाबून धरायला सांगा आणि पुन्हा हलवा. हलणं थांबलं तर चाकाचं बेअरिंग गेलंय. तरीही हलतंय, तर खाली वाकून बॉल जॉइंटकडे बघा, आणि टॉमीनं, म्हणजे लोखंडी दांड्यानं, आर्म हळूच खाली दाबून फट डोळ्यांनी पाहा. चाक तीन आणि नऊच्या जागी धरून हलत असेल तर स्टिअरिंगचा टाय रॉड एंड किंवा रॅकचं आतलं टोक सैल आहे. त्यासाठी चाकं जमिनीवर ठेवून एकानं स्टिअरिंग दोन बोटं इकडंतिकडं करावं आणि दुसऱ्यानं सांध्यावर बोट ठेवावं. डोळ्याला न दिसणारी फट बोटाला लागते.

दुरुस्तीबद्दल दोनच गोष्टी सांगतो, कारण त्या दोन्ही वरचेवर चुकतात. पहिली बुशाची. लोअर आर्मचा रबरी बुश आतल्या आणि बाहेरच्या नळीला चिकटवलेला असतो, तो फिरत नाही, पिळतो. गाडी वर टांगलेली असताना त्याचा बोल्ट आवळला तर रबर लोंबकळत्या स्थितीत पकडलं जातं. गाडी खाली आली की त्याला कायमचा पीळ, आणि नवा बुश बघता बघता फाटतो. गिऱ्हाईक म्हणतं माल डुप्लिकेट होता. बोल्ट आधी नुसता लावावा, गाडी चाकांवर उतरवावी, वजन बसू द्यावं, मग आवळावा. या कामाला पाच मिनिटं जास्त लागतात आणि तीच पाच मिनिटं कित्येक गॅरेजांत वाचवली जातात. दुसरी गोष्ट स्प्रिंगची. शॉकअपच्या डोक्यावरचा नट स्प्रिंग दाबून धरल्याशिवाय कधीही उघडू नये. त्या स्प्रिंगवर गाडीच्या पुढच्या वजनाचा एक वाटा उभा असतो. ती सुटली तर गोळीसारखी जाते. घरी हे काम करू नका, आणि ज्या गॅरेजात स्प्रिंग दाबायचं यंत्र नाही तिथं शॉकअप उघडू देऊ नका. शॉकअप, लोअर आर्म किंवा टाय रॉड यांतलं काहीही बदललं की व्हील अलाइनमेंट करून घ्या, नाहीतर आवाज जाईल आणि टायर जातील.

मिस्त्री लोकांची बाजूही सांगतो. गाडी सकाळी टाकायची, संध्याकाळी हवी, आणि चाचणीच्या फेरीचे पैसे कुणी द्यायला तयार नसतं. निदान हेही काम आहे आणि त्याची मजुरी द्यायला हवी. ती दिलीत तर नको असलेले शॉकअप विकत घेण्याची पाळी येणार नाही.

म्हणून माझी विनंती आहे. पुढच्या वेळी गाडी घेऊन गेलात तर किल्ली टेबलावर ठेवून निघून जाऊ नका. मिस्त्रीला शेजारी बसवा, तुमच्या नेहमीच्या रस्त्यावर आवाज काढून दाखवा. काम झाल्यावर काढलेला भाग मागून घ्या आणि तो हातात धरून हलवून बघा. आणि त्यानं जर सांगितलं की बॉल जॉइंट सैल आहे, तर गाडी तिथंच ठेवा आणि रिक्षानं घरी जा.