जीर्णोद्धार आणि उद्धार

(मंदिर जीर्णोद्धार व कलशारोहण सोहळ्यानिमित्त झालेले प्रवचन)

॥ श्री सप्तशृंगी माता प्रसन्न ॥



गेले कित्येक महिने गावात एकच शब्द सर्वांच्या तोंडी आहे, तो म्हणजे जीर्णोद्धार. या शब्दाची फोड केली तर त्यात 'जीर्ण' आहे आणि 'उद्धार'ही आहे. उद्धार म्हणजे खाली गेलेल्याला वर काढणे. भिंतीला तडे गेले, तुळयांना वाळवी लागली, म्हणून गावाने देवाला टाकून दिले नाही. वर्गणी जमली, श्रमदान झाले आणि मंदिर पुन्हा उभे राहिले. गाव मंदिरासाठी जे करते, तेच परमेश्वर माणसासाठी करतो. तो जीर्ण झालेल्याला टाकून देत नाही. सर्व धर्मग्रंथांतून भगवंताने दिलेल्या वचनाचे सार एवढेच आहे.

हे वचन ऐकण्यासाठी कळवणकरांना दूर जावे लागत नाही. आपल्याच तालुक्यात सप्तशृंगगडावर अठरा हातांची आदिमाया उभी आहे. समोरच मार्कंडेय ऋषींच्या नावाचा डोंगर आहे. ऋषी तेथून देवीचे माहात्म्य गात आणि ते ऐकण्यासाठीच आईने मान किंचित कलती केली, अशी पिढ्यान्‌पिढ्यांची श्रद्धा आहे. ते माहात्म्य म्हणजे मार्कंडेय पुराणातील सप्तशती होय. नवरात्रात घरोघरी तिचे पाठ होतात. महिषासुराचा वध सर्वांना ठाऊक असतो. परंतु या तेरा अध्यायांची सुरुवात युद्धाने होत नाही, दोन हरलेल्या माणसांनी होते, हे फार थोड्यांच्या ध्यानात राहते.

त्यांतला एक सुरथ राजा. शत्रूने त्याचा पराभव केला आणि उरलेसुरले त्याच्याच प्रधानांनी लुबाडले. शिकारीचे निमित्त करून तो एकटाच घोड्यावर बसून अरण्यात निघून गेला. दुसरा समाधी नावाचा वैश्य. धनाच्या लोभाने बायकामुलांनीच त्याला घराबाहेर काढले. तरीही अरण्यात बसून त्याच्या मनाला घोर होता तो त्याच मुलांचा! ती सुखरूप असतील ना, नीट वागत असतील ना, याचा. बंधूंनो, ही कथा पुराणातली खरी. पण असा समाधी आज एखाद्या गावात नाही असे कोण म्हणेल? कोणाचे पीक हातचे गेले, कोणी कर्जात रुतला, कोणाला म्हातारपणी घरात जागा उरली नाही. ही माणसे कोणाजवळ बोलत नाहीत. आता आपले काही खरे नाही, असे मनाशी धरून ती जगत असतात.

त्या दोघांना मेधा ऋषींच्या आश्रमात आसरा मिळाला. ऋषींनी त्यांना दोष दिला नाही. त्यांचे म्हणणे ऐकून घेतले आणि मग आदिशक्तीची कथा सांगितली. त्या कथेच्या अकराव्या अध्यायात देवी देवांना वचन देते. जेव्हा जेव्हा दुष्टांकडून पीडा होईल, तेव्हा तेव्हा आपण अवतार घेऊ, असे ती सांगते. त्यातच शाकंभरीचे वचन आहे. शंभर वर्षे पाऊस पडणार नाही, तेव्हा शंभर नेत्रांनी ती ऋषींकडे पाहील आणि पाऊस येईपर्यंत स्वतःच्या देहातून उगवलेल्या भाजीपाल्यावर जगाचे पोषण करील. दुष्काळ येणारच नाही, असे हे वचन नाही. दुष्काळातही आई लेकरांना सोडणार नाही, असे हे वचन आहे. १९७२ चा दुष्काळ ज्यांनी पाहिला, दुष्काळी कामावर खडी फोडून सुकडीवर ज्यांनी लेकरे जगवली, त्यांना या दोहोंतला फरक समजावून सांगावा लागणार नाही.

पुढे काय झाले तेही पाहावे. वचन ऐकून ते दोघे स्वस्थ बसले नाहीत. त्यांनी नदीकाठी मातीची मूर्ती केली आणि तीन वर्षे उपासना केली. तेथे शिखर नव्हते, सभामंडप नव्हता, सोन्याचा कळस नव्हता. तरी आई प्रसन्न झाली. राजाने गेलेले राज्य मागितले, ते त्याला मिळाले. वैश्याने 'मी' आणि 'माझे' यांतून सुटका करणारे ज्ञान मागितले, तेही मिळाले. संसार मागणाऱ्याला तिने कमी लेखले नाही आणि मोक्ष मागणाऱ्याला 'थांब' म्हटले नाही. ज्याची जेवढी भूक, तेवढे त्याच्या पदरात पडले. म्हणून आपण फार साधे, फार चुकलेले, आपला कसला उद्धार, असे कोणीही म्हणू नये.

सन २०२२ मध्ये गडावरील मूर्तीवर वर्षानुवर्षे साचलेले शेंदराचे जाड कवच शास्त्रीय पद्धतीने उतरवण्यात आले. आतून मूळ कोरीव रूप प्रकट झाले आणि त्या वर्षीच्या घटस्थापनेपासून भाविकांना त्या रूपाचे दर्शन घडू लागले. ते रूप नव्याने घडवलेले नव्हते. ते आत होतेच. दुःखाचे आणि निराशेचे थर चढले म्हणजे माणसालाही आतला देव दिसेनासा होतो. थर उतरवले की तो जागच्या जागी असतो.

हे थर उतरवायला मात्र माणसाचाच हात लागतो. मेधा ऋषींनी दार उघडले नसते तर सुरथ आणि समाधी यांच्या कानी ते वचन पडले असते का? तेव्हा ज्या गावाने दगडामातीच्या मंदिराचा जीर्णोद्धार केला, त्या गावाने एवढे करावे की, खचलेला कोणी या मंदिराच्या पायरीवर येऊन बसला तर त्याला कारण विचारण्याआधी पाणी विचारावे, आणि त्याच्याजवळ दोन घटका बसावे. देवाचे वचन त्याला प्रथम त्या बसण्यातूनच कळेल.

चैत्रात शुद्ध चतुर्दशीच्या रात्री दरेगावचा मानकरी निशाण घेऊन गडाच्या शिखरावर चढतो. अंधारात त्याची वाट कोणाला दिसत नाही. सकाळी शिखरावर निशाण फडकताना दिसते आणि खानदेशातून पायी आलेल्यांचे हात जोडले जातात. अंधार असेतोवर धीर धरावा. आई वर आहे आणि तिचे लक्ष खाली आहे.

सर्वांचे कल्याण असो. बोला, सप्तशृंगी माते की जय!