गाडीच्या पोटातला पट्टा



आता गावोगाव मोटारी झाल्या. आज आम्ही गाडीतल्या एका लहान पट्ट्याविषयी सांगणार आहोत. त्याला टायमिंग बेल्ट म्हणतात.

आमच्या लहानपणी विहिरीवर मोट चालायची. मोटेचा नाडा झिजला, की डोळ्यांना दिसायचा. तुटायच्या आत बदलता यायचा. या पट्ट्याचं तसं नाही. तो रबराचा, दाते असलेला. तो झाकणाआड असतो.

इंजिनात दट्ट्ये वरखाली होतात. झडपा उघडतात, मिटतात. दट्ट्या वर आला, की झडपेनं त्याच्या वाटेतून दूर व्हायला हवं. हा मेळ पट्टा राखतो. पट्टा तुटला, की पुष्कळ इंजिनांत दट्ट्या झडपेवर आदळतो. झडपा वाकतात. इंजिन खोलावं लागतं.

आमचंच पाहा. निवृत्त झाल्यावर आम्ही जुनी गाडी घेतली. फिटर म्हणाला, "गुरुजी, पट्टा बदलून घ्या." आम्ही म्हणालो, "गाडी तर झकास चालते! सुगी होऊ दे."

महिन्याभरात गाडी चढावर एकाएकी बंद पडली. आत शेजारच्या आजारी आजी होत्या. त्यांना तालुक्याला दवाखान्यात न्यायचं होतं. दोन तास त्या रस्त्याकडेला बसून होत्या. एक जीप आली, म्हणून निभावलं. दुरुस्तीला पट्ट्याच्या कितीतरी पट पैसे गेले. मुलांना जन्मभर सांगितलं, "अभ्यास वेळेवर करा." आणि आम्हीच चुकलो!

मग पट्टा बदलायचा केव्हा? प्रत्येक गाडीचा आकडा निराळा. तो गाडीच्या पुस्तकात छापलेला असतो. पुष्कळ गाड्यांना तो ६० हजार ते १ लाख किलोमीटरच्या दरम्यान असतो. वर्षांची मुदतही असते. गाडी उभी राहिली, तरी रबर जुनं होतंच. किलोमीटर किंवा वर्षं, जे आधी भरेल ते धरा. पट्ट्यावर तेल गळत असेल, तर मुदतीची वाट पाहू नका. जुनी गाडी घेतली आणि मागचा हिशेब ठाऊक नसला, तर आधी पट्टा बदला. पट्टा ताणून धरणारं चाकही त्याच वेळी बदलून घ्या. काही गाड्यांत पट्ट्याऐवजी साखळी असते. आपल्या गाडीत काय आहे, ते फिटरला विचारा.

आता तुम्हाला लिहिता-वाचता येतं. पट्टा बदलला, की तारीख आणि किलोमीटर कागदावर लिहा. तो कागद गाडीतच ठेवा. पट्टा स्वतः बोलत नाही. त्याच्या वतीनं तो कागद बोलेल.