नाव धुऊन गेलेल्या तबकड्या

(सोसायटीच्या रौप्यमहोत्सवी कौटुंबिक मेळाव्यात केलेले भाषण)



समितीने मला सांगितलं, "काका, तुमच्या जुन्या रेकॉर्ड्सबद्दल बोला, पण थोडक्यात." मी आयुष्यभर बँकेत काउंटर वेळेवर बंद केला आहे, तेव्हा काळजी नसावी.

आधी बालमित्रांसाठी. तुमचे आजोबा जिला तबकडी म्हणतात ती ७८ ची रेकॉर्ड, म्हणजे मिनिटाला ७८ फेरे घेणारी. ती प्लॅस्टिकची नसते. लाख, दगडाची भुकटी आणि काजळी यांची बनवलेली असते. लाख म्हणजे पळसा-बोरीच्या झाडावर किडे तयार करतात ती. त्यामुळे तबकडी हातातून पडली की खापरासारखी फुटते. दहा इंची तबकडीच्या एका बाजूला साधारण तीन मिनिटांचं गाणं मावतं. चावी द्यायची, पिन बसवायची, आणि दर बाजूला पिन बदलायची, नाहीतर खाचा झिजतात. तासन्‌तास ख्याल गाणाऱ्या गवयांना या तीन मिनिटांत आपला राग बसवावा लागला. जागा लहान असली तरी संसार नीट मांडता येतो, हे आपल्याला वेगळं सांगायला नको.

आपल्या देशात हे यंत्र ध्वनिमुद्रणासाठी आलं १९०२ च्या नोव्हेंबरात. ग्रामोफोन कंपनीचा फ्रेड गैसबर्ग कलकत्त्याला आला आणि त्याने गौहरजान व इतर कलावंतांचं गाणं मुद्रित केलं. तेव्हा तबकड्या इथे बनत नसत. मूळ साचे जर्मनीत हॅनोव्हरला जात आणि तिथून तबकड्या छापून परत येत. तिथल्या माणसाला कुठलं गाणं कोणाचं हे कळावं कसं? म्हणून गाणं संपलं की कलावंत स्वतःच आपलं नाव सांगत. गौहरजान तर चक्क इंग्रजीत नाव सांगते. १९०८ मध्ये कलकत्त्यात कारखाना निघाला आणि पुढे ही पद्धत मागे पडली. नावाची ही गोष्ट लक्षात ठेवा, तिचं पुढे काम आहे.

आता शहागडला येऊ. माझ्या पिढीला ग्रामोफोन घरी बसून ऐकलेला फारसा आठवणार नाही. आम्हाला आठवतो तो लग्नातला भोंगा. लिंबाच्या फांदीला कर्णा बांधलेला, खाली बैलगाडीत बॅटरी, आणि हळदीपासून वरात निघेपर्यंत गाणी. आपल्या गावातले लाऊडस्पीकरवाले मामा गोदावरीच्या अल्याड अंबड तालुक्यात आणि पल्याड गेवराईपर्यंत लग्नं करत. त्यांच्या लोखंडी पेटीत नाट्यपदं, भजनं, लावण्या, कव्वाल्या, सिनेमाची गाणी असं सगळं एकत्र नांदत असे. पुढे कॅसेट आली आणि पेटी माळ्यावर गेली. अशा पेट्या रद्दीवाल्याच्या हाती लागू नयेत, एवढ्याच हेतूने मी तबकड्या गोळा करू लागलो. सध्या माझ्याकडे सहाशेच्या वर आहेत. सौभाग्यवतींच्या मते सहा हजार आहेत, कारण झाडलोट त्या करतात.

बदली सोलापूरला झाली तेव्हा कळलं की हे वेड एकट्याचं नाही. मुंबईत १९९० मध्ये सोसायटी ऑफ इंडियन रेकॉर्ड कलेक्टर्स नावाची संस्था निघाली होती. टाटा मूलभूत संशोधन संस्थेतले सुरेश चांदवणकर यांनी तिचं सचिवपद वर्षानुवर्षं सांभाळलं. तीही सोसायटीच, पण पार्किंगचं भांडण नाही! सोलापुरातही तिची मंडळी होती. त्यांच्या बैठकीची रीत साधी. चारचौघांनी जमायचं, ज्याने तबकडी आणली त्याने ती कुठे सापडली, कोणाची, केव्हाची ते सांगायचं, मग वाजवायची आणि बाकीच्यांनी चुका दुरुस्त करायच्या. जमलेली माहिती 'द रेकॉर्ड न्यूज' या त्यांच्या नियतकालिकात छापली जाई. मुंबईच्या चोर बाजारात किंवा पुण्याच्या जुन्या बाजारात मिळालेला माल घरी नेऊन कुलपात ठेवणारेही होतेच. पण बैठकीत मान होता तो वाजवून दाखवणाऱ्याला.

याच्या अगदी उलट रीत माझ्या नातवाने मला मँचेस्टरहून कळवली. तो तिथे शिकतो. १९७० च्या दशकात उत्तर इंग्लंडच्या गिरणी-कारखान्यांच्या गावांत तरुण कामगार शनिवारी रात्रभर नाचायला जमत. विगन गावातला 'कॅसिनो' हा त्यांचा सर्वांत गाजलेला क्लब, १९७३ ते १९८१ चालला. नाव कॅसिनो, पण त्या रात्रींना दारूचा परवानाही नव्हता. नाचायचं कशावर? अमेरिकेतल्या कृष्णवर्णी गायकांच्या 'सोल' संगीताच्या, तिकडे न खपलेल्या रेकॉर्ड्सवर. जी रेकॉर्ड तिच्या गावी कोणी विचारली नाही, तीच इथे हजारो पायांना नाचवी. मला हे फार आवडलं. आपल्याकडेही गवयाला आपल्या गावात मान नसतो आणि परगावी पालखी निघते.

पण तिथे चढाओढ मोठी. आपल्याकडची दुर्मिळ रेकॉर्ड दुसऱ्याने शोधू नये म्हणून वाजवणारे लेबलवर कोरा कागद चिकटवत आणि खोटंच नाव सांगत. फ्रँक विल्सन या गायकाची १९६५ ची एक रेकॉर्ड अशीच 'एडी फॉस्टर' या नावाने वाजली. तिच्या जेमतेम दोन-चार प्रती उरल्या असल्याने २००९ मध्ये एक प्रत पंचवीस हजार पौंडांच्या वर विकली गेली. म्हणजे गाणं लोकांसमोर आणि गायक कागदाखाली! बँकेच्या भाषेत सांगायचं तर पैसे एकाने भरले आणि पावती दुसऱ्याच्या नावाने फाडली.

आपल्याकडे लेबल झाकायला कोणी कागद लावला नाही. आपल्याकडे नदी आली. २००६ च्या पावसाळ्यात गोदावरीला मोठा पूर आला, तेव्हा मामांच्या घरात पाणी शिरलं आणि ती लोखंडी पेटी दोन दिवस पाण्यात राहिली. मामांच्या मुलाने पेटी माझ्याकडे पोचवली. लाखेला पाण्याने फारसं काही झालं नाही, गाळ पुसल्यावर तबकड्या वाजू लागल्या. पण कागदी लेबलं सुटून त्यांचा लगदा झाला होता. एकतीस तबकड्या उरल्या, एकीवरही नाव नाही. आवाज जिवंत, माणूस बेपत्ता.

आपल्यापैकी अनेकांना ते दिवस आठवत असतील. आपल्या सभागृहात आठ-दहा संध्याकाळी आम्ही त्या वाजवल्या. लेबलच्या कडेला लाखेत कोरलेला क्रमांक असतो, त्यावरून आणि जुन्या सूचीवरून नऊ-दहांचा पत्ता लागला. एक तबकडी बरीच जुनी निघाली. शेवटपर्यंत धीर धरला आणि खरखरीतून बाईंनी स्वतःच आपलं नाव सांगितलं. तेव्हा सभागृहात झालेला टाळ्यांचा कडकडाट मी विसरणार नाही. बाकीचं काम तुमच्या घरातल्या वडीलधाऱ्यांनी केलं. एका आजींना नीट दिसत नव्हतं, पण पहिल्या आलापालाच त्या म्हणाल्या, "अगं, या हिराबाई बडोदेकर." पुढच्या आठवड्यात दुसरी प्रत मिळाली, आजी बरोबर होत्या. एका चाचांनी इस्माईल आझाद यांची कव्वाली ओळखली आणि पुढचे शब्द आधीच म्हणून दाखवले. असं करत चोवीस तबकड्यांना त्यांची नावं परत मिळाली.

सात अजून निनावी आहेत. आणि त्या आजी, ते चाचा आता आपल्यात नाहीत.

मंडळी, आज माझ्या बोलण्याचा मुद्दा हाच आहे. तबकडी टिकते, पण ती ओळखणारा कान टिकत नाही. अल्लादियाखाँसाहेबांसारखा गानमहर्षी होऊन गेला, त्यांचं गाणं ध्वनिमुद्रितच झालं नाही. त्यांच्या शिष्या, गोव्यातल्या केरीच्या केसरबाई केरकर. त्यांनीही फार थोडं ध्वनिमुद्रण होऊ दिलं. पण १९७७ मध्ये 'व्हॉयेजर' यानांवर पृथ्वीची ओळख म्हणून सोन्याचा मुलामा दिलेल्या तबकड्या पाठवायच्या ठरल्या, तेव्हा त्यांची भैरवी निवडली गेली. ती रेकॉर्ड बाजारात मिळेना. शेवटी न्यूयॉर्कमधल्या एका भारतीय दुकानात टेबलाखालच्या खोक्यात सापडली. आज ती सूर्याच्या प्रभावक्षेत्राबाहेर प्रवास करते आहे. खोकं कोणी उघडून पाहिलं नसतं तर? आणि तो आवाज केसरबाईंचा आहे हे सांगणारा जाणकार नसता तर?

आपण सोसायटीच्या शेअर सर्टिफिकेटला नॉमिनी लावतो, बँकेच्या खात्याला लावतो. तबकड्यांना लावत नाही. माझी मुलं बाहेरगावी, त्यांच्या फ्लॅटमध्ये जागा नाही आणि माझी तक्रारही नाही. म्हणून माझ्या सगळ्या तबकड्या, दोन ग्रामोफोन आणि नोंदवही मी या सोसायटीच्या नावे करत आहे. समितीने सभागृहातलं एक कपाट त्यासाठी मंजूर केलं आहे. माझी अट एकच: कपाटाची किल्ली असावी, पण महिन्यातून एकदा ते उघडलंच पाहिजे. दर महिन्याच्या पहिल्या रविवारी संध्याकाळी सर्वांनी जमायचं. लहान मुलांनी चावी द्यायची, मोठ्यांनी ऐकायचं आणि आठवेल ते नोंदवहीत लिहायचं.

दोन कामाच्या सूचना. कोणाच्या माळ्यावर तबकड्या असतील तर त्या आडव्या रचू नका, उभ्या ठेवा. आणि स्पिरिट किंवा सॅनिटायझरने पुसू नका. सुतार लाख स्पिरिटमध्येच विरघळवून पॉलिश करतो, तशीच तुमची तबकडीही विरघळेल. कोरडं मऊ फडकं पुरे.

येत्या पहिल्या रविवारी त्या सात निनावी तबकड्या लावणार आहे. घरी आजी-आजोबा असतील तर त्यांना खुर्चीसकट घेऊन या. कुठला आवाज कोणाच्या कानात जपलेला असेल सांगता येत नाही.